माझ्या वहीतली पांढरी फट

२०२३ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा अर्धीमुर्धी. पण अक्षरांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये, हे आधीच सांगून ठेवतो. चाळीस वर्षं साकीनाक्याच्या एका गाळ्यात बसून मी पितळेच्या पाट्या कोरल्या. गिऱ्हाईक कागदावर लिहून देईल ते बघायचं आणि तसंच्या तसं पितळेवर उतरवायचं. मराठी वाचता यायचं. गुजराती, इंग्रजी नुसतं बघून. गोराईचे ख्रिस्ती लोक कबरीवर लावायच्या पाट्या करून घ्यायचे, त्यात कधीकधी एखादी ओळ अशी असायची की आणणाऱ्यालाही तिचा अर्थ सांगता यायचा नाही. "चर्चची जुनी भाषा आहे, तू कोर ना," म्हणायचा. मी कोरायचो. अर्थ कळत नसला की हात उलट जास्त सावध राहतो.

त्या वर्षी मात्र हात रिकामे होते आणि डोकं जागेवर नव्हतं. सातव्या मजल्यावरच्या घरात खिडकीपासून दारापर्यंत नऊ पावलं होतात. ती मी दिवसातून किती वेळा मोजली असतील, देव जाणे, आणि देव मी मानत नाही.

कारण असं. घाटकोपरच्या टेकडीवर आमची वस्ती होती, तेव्हा वस्तीची गायन पार्टी होती. गाणी लिहायचे आमचे मास्तर. पेटीवर मी, ढोलकीवर माझा जोडीदार, कोरसात चार बायका, त्यांतली एक ताई आवाजानं आमच्या सगळ्यांच्या वर. मास्तर आजारी पडले तेव्हा मी, जोडीदार आणि ही ताई, आम्ही तिघांनी पाळीपाळीनं त्यांची वही घरी नेली आणि आपापल्या हातानं गाणी उतरवून घेतली. पुढं मास्तर गेले. त्यांची वही त्यांच्या घरातल्या लाकडी संदुकीत होती, ती वाळवीनं खाल्ली. उरल्या आमच्या तीन वह्या.

आता विहाराच्या कमिटीनं ठरवलं होतं की मास्तरांच्या गाण्यांचं पुस्तक छापायचं. कमिटीतली माणसं घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "तुमची वही सगळ्यात स्वच्छ. तिच्यावरूनच छापतो. फक्त शेवटच्या गाण्यातल्या चौथ्या कडव्याचं काय ते लिहून द्या. घ्यायचं की गाळायचं. खाली सही करा."

"गाळायचं," मी म्हणालो. "त्यात विचारायचं काय?"

"लिहून द्या ना. पुस्तक आहे. उद्या कुणी बोलायला नको."

कागद ठेवून गेली. महिन्याची मुदत. खरं तर मी तिथंच सही करायला हवी होती, पण पेन सापडेना. सापडलं तेव्हा जेवायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी चष्मा बिघडला. अशी पंधरा दिवस कारणं निघत गेली. सही केलेली नव्हती आणि का केलेली नव्हती, ते मला कळत नव्हतं.

त्या कडव्याची गोष्ट सांगितली पाहिजे. मास्तरांचं ते शेवटचं गाणं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच ओळ, 'उजेड आपल्या हाती रं'. मास्तरांच्या तोंडून ते पुरतं कुणी ऐकलंच नाही, तोवर त्यांचा आवाज बसला होता. ते गेल्यावर वर्षानं आम्ही ते पहिल्यांदा स्टेजवर म्हटलं. तिसरं कडवं झालं, मी माझ्या वहीतल्या पुढच्या कडव्याला हात घातला, आणि जोडीदार मधेच भलतंच म्हणायला लागला:

'माय वेचते ढिगावरती लोखंड, पत्रा, काच रं,
घरी येऊनी लेकरा म्हणते, माझ्या वाट्याचं वाच रं,
उजेड आपल्या हाती रं.'

माझ्या वहीत असलं काही नव्हतं. माझ्या वहीत तीननंतर जे होतं, तेच माझ्यासाठी चौथं. मी पेटीचा भाता बंद केला. पुढ्यात दोन-तीनशे माणूस. जोडीदाराची आई देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर भंगार वेचायची, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली होती. मी माइकवर म्हणालो, "मास्तरांच्या गाण्यात स्वतःची आई घुसवतोस? लाज वाटत नाही का रे?"

 त्यानं ढोलकी बाजूला ठेवली, खाली उतरला, आईचा हात धरला आणि गेला. परत कधी पार्टीत आला नाही. वर्षभरात मुलुंडला राहायला गेला. कोरसातली ताई एवढंच म्हणाली, "अहो भाऊ, माझ्या वहीतपण हाय ते कडवं." मी तिला म्हणालो, "तू त्याचीच वही बघून लिहिलं असशील." तिनं परत तो विषय काढला नाही. पस्तीस वर्षं झाली.

तर कागद कपाटावर पडलेला आणि मी घरात येरझाऱ्या घालतोय, अशी परिस्थिती. माझी नात अंधेरीला एका कंपनीत कामाला आहे, पण आठवड्याचे तीन दिवस घरूनच काम करते. हॉलमधल्या टेबलावर तिचा कॉम्प्युटर. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "आबा, एका जागी बसा ना! तुम्ही फिरलात की माझं लक्ष जातं."

"तुझ्यासमोर आहे तरी काय एवढं?"

"बसा, दाखवते. पण बसायचं हां."

बसलो. पडद्यावर उभे पट्टे होते, सात-आठ. एका पट्ट्यातून दुसऱ्यात आडवे रंगीत दोरे गेलेले. हातमागावर सूत ताणलेलं असतं तसं. नात सांगायला लागली. फार पूर्वी रोमला एक कवी होऊन गेला. त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं काही उरलेलं नाही. उरल्या त्या नकला. मठातल्या साधूंनी एकमेकांच्या बघून केलेल्या, आणि एक नक्कल दुसरीसारखी नाही. परदेशातल्या एका विद्यापीठातली माणसं त्या नकला ताडून बघतात, कुठली कुणावरून केली ते शोधतात. तिची कंपनी त्यांना त्यासाठी हे चित्र करून देते. एक उभा पट्टा म्हणजे एक नक्कल. एक दोरा म्हणजे कवितेची एक ओळ. सगळीकडे ओळ सारखी असेल तर दोरा सरळ जातो. शब्द बदलला की रंग बदलतो. ओळच गळाली असेल तर तिथं पांढरी फट.

"भाषा कुठली?"

"लॅटिन."

"तुला येते?"

"छे. मी नुसतं चित्र काढते."

"म्हणजे तूही न वाचताच उतरवतेस," मी म्हणालो. तिला राग आला थोडा, पण हसली.

मी बघत राहिलो. एका जागी दोन पट्ट्यांत, बरोब्बर त्याच ओळीला, पांढरी फट होती. नात म्हणाली, "हे बघा, दोघांत तीच ओळ नाही. म्हणून प्रोग्रॅम म्हणतो, ही नक्कल त्या नकलेवरून केली. खाली झाडासारखं दिसतंय ना, तिथं ही आई, ही लेक."

"चूक आहे."

"काय चूक आहे?"

"दोघांचा डोळा उडाला असेल. वेगवेगळा. वरची ओळ आणि गळालेली ओळ, दोन्हींचा शेवट सारखा आहे का बघ."

तिनं बघितलं. शेवटचा शब्द एकच होता. मग मी तिला समजावून सांगितलं. साकीनाक्याला एका धर्मशाळेच्या देणगीदारांची पाटी आली होती. दोन फाटकांना दोन पाट्या, मजकूर एकच, कागदही दोन. दोन कारागीर एकमेकांकडे पाठ करून बसले. दोघांच्याही पाटीवर एकच नाव गळालं. शेठ म्हणाला, एकानं दुसऱ्याची बघून केली. तसं नव्हतं. वरच्या नावापुढंही 'यांच्या स्मरणार्थ', खालच्याही पुढं 'यांच्या स्मरणार्थ'. कारागीर 'स्मरणार्थ' कोरतो, मान वर करतो, कागदावर 'स्मरणार्थ' शोधतो आणि त्याला खालचं सापडतं. झालं, मधलं नाव मेलं. "म्हणून," मी तिला म्हणालो, "उतरवताना ओळीखाली पट्टी ठेवायची. ओळ झाली की पट्टी खाली सरकवायची. साधूंकडे पट्टी नसेल."

त्या दोन कारागिरांतला एक मीच होतो, हे मी तिला सांगितलं नाही.

तिनं ते सगळं परदेशात लिहून पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. या एका गळालेल्या ओळीवरून नातं जोडू नका, तुमच्या आजोबांचं बरोबर आहे, अशी चूक दोघं वेगवेगळे करू शकतात. मी सोसायटीतल्या वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. चौथी नापास माणसानं विद्यापीठाचं झाड बदललं! सून म्हणाली, "आता आबांना धरून ठेवा, नाहीतर गॅलरीतून उडतील."

त्याच भरात मी नातीला म्हणालो, "माझ्या वहीला घाल यात. माझी, त्याची आणि ताईची. होऊन जाऊ दे. कमिटीला कागदाबरोबर चित्रच देतो." मला काय दिसणार ते मला ठाऊक होतं. त्याचा पट्टा नासका दिसणार आणि ताईचा त्याच्याच पोटातून निघालेला.

नात बोरिवलीला गेली, ताई मुलाकडे राहते तिथं, आणि तिच्या वहीचे फोटो घेऊन आली. मुलुंडला जोडीदाराकडेही गेली. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही. वही दिली. म्हणाले, पानं जपून उलट. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही."

"माझं काही विचारलं?"

"नाही."

ते 'नाही' आठवडाभर मला टोचत राहिलं. ती रोज जेवण झाल्यावर तासभर गाणी टाइप करायची. मी मागं उभा. ती म्हणायची, "आबा, मानेवर श्वास सोडू नका." मग मी लिफ्टनं खाली जायचो, गेटपर्यंत जाऊन परत वर यायचो.

शनिवारी दुपारी तीनला तिनं हाक मारली. पडद्यावर तीनच पट्टे. डावीकडं माझा, मधे त्याचा, उजवीकडं ताईचा. दोरे बहुतेक सरळच होते. मुलुंडवाल्याच्या पट्ट्यात दोन ठिकाणी पांढरं होतं, मला बरं वाटलं. मग ती शेवटच्या गाण्यावर आली. त्याच्या आणि ताईच्या पट्ट्यांत तीन दोरे सरळ गेलेले. माझ्या पट्ट्यात तीन ओळींएवढी पांढरी फट.

"ताईनं त्याची बघून केली," मी म्हणालो. "मी तेव्हाच सांगितलं होतं."

नातीनं चित्र मागं सरकवून आधीच्या गाण्यांवर आणलं. मग तिनं मुलुंडवाल्याच्या दोन पांढऱ्या फटींवर बोट ठेवलं. "आबा, ही ओळ त्यांच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे, ताईआजीकडे आहे. हीपण तशीच. त्यांची बघून लिहिलं असतं, तर ताईआजींना ह्या ओळी मिळाल्या कुठून?"

"माझी बघितली असेल."

"मग चौथं कडवं कुठून आलं? तुमच्यात ते नाही."

 ती हळूच म्हणाली, "ताईआजींनी मास्तरांच्याच वहीवरून लिहिलं. म्हणजे कडवं मास्तरांचं. आणि तिसऱ्या कडव्याचा शेवट बघा, चौथ्याचा शेवट बघा..."

"मला शिकवू नकोस!" मी ओरडलो. "मशीन काहीही सांगतं!"

"मशीननं कुठं सांगितलं, आबा? मशीननं नुसती फट दाखवली. बाकी तुम्हीच सांगितलंत."

मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो. उन्हात चालत सुटलो. बसस्टॉपवर बसलो, बस आली, चढलो नाही. दुसरी आली, तीही जाऊ दिली. डोक्यात पाटी, धर्मशाळेची. शेठनं ती माझ्या तोंडासमोर धरली होती आणि मी म्हणालो होतो, कागदातच नव्हतं. कागदात होतं. त्या दिवसापासून मी पट्टी ठेवायला लागलो, परक्या भाषेला नेहमी, न चुकता. आणि मास्तरांची वही? ती मी गाळ्यातच उतरवली, दुपारच्या सुट्टीत, डबा मांडीवर. मराठी होतं, आपल्या मास्तरांचं होतं, अर्थ कळत होता. त्याला कशाला पट्टी? 'उजेड आपल्या हाती रं' लिहिलं, पोळीचा तुकडा मोडला, मान वर केली.

हे असंच घडलं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पस्तीस वर्षांपूर्वीची पोळी कुणाला आठवते? पण माझा हात मला ओळखता येतो.

त्याहून वाईट पुढंच होतं. मास्तरांनी ते कडवं का लिहिलं असेल, ते बसस्टॉपवर बसून मला पहिल्यांदा कळलं. वस्तीत जोडीदार हा एकच पोरगा असा होता ज्याची आई ढिगावरून सापडलेली पुस्तकं झटकून त्याच्यासाठी आणायची. स्वतःला एक अक्षर येत नव्हतं, पण पानं कोरडी करून आणायची. मास्तरांनी ते बघितलं होतं. त्यानं आई गाण्यात घुसवली नव्हती. मास्तरांनी तिला आत घेतलं होतं आणि मी तिला तिच्यासमोर, दोन-तीनशे माणसांसमोर, बाहेर काढलं. ती बाई वीस वर्षांपूर्वी गेली. तिला आता सांगायचं तरी कुणी?

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. सून म्हणाली, "फोन तरी न्यायचा ना!" कमिटीचा कागद मी कपाटावरून काढला. मुदत संपायला दोन दिवस होते. 'चौथे कडवे घ्यावे' असं लिहिलं आणि सही केली. मला वाटलं, आता तरी बसवेल. नाही बसवलं. नात म्हणाली, "झालं ना आता?" मी म्हणालो, "काय झालं? कमिटीची भानगड मिटली. माझ्या वहीत अजून फट आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी वही पिशवीत घातली आणि रिक्षा करून मुलुंडला गेलो. पत्ता नातीनं लिहून दिला होता. डोंगराच्या अंगाला बैठी चाळ, दारात तुळस नाही, कोरफड. त्यानंच दार उघडलं. केस सगळे गेलेले, खांदे तेच. मी जयभीम म्हणालो. तो बघत राहिला.

"का रे? आता कुठली पेटी बंद करायला आलास?"

"कडवं उतरवून घ्यायला आलो."

"कुठलं?"

"चौथं."

"मी घुसवलेलं?"

"मी गाळलेलं," मी म्हणालो.  "मास्तरांनी लिहिलं होतं. तुझ्या आईचं. माझा डोळा उडाला, आणि मी तुझी लाज काढली. तिच्यासमोर."

त्यानं दार अर्धं धरून ठेवलं होतं. बराच वेळ. आतून कुणीतरी विचारलं, कोण आलंय? तो म्हणाला, "पाटीवाला." मग मला म्हणाला, "आईला कळलं नव्हतं कडवं कुणाचं ते. ती घरी येईपर्यंत एवढंच म्हणत होती, तू चांगलं म्हणत होतास, त्यानं पेटी का बंद केली?"

 उत्तराची वाट न बघता तो बाजूला झाला. "ये आत. चपला तिकडं. माफबीफ मी काही केलेलं नाही, आधीच सांगतो."

"मी मागितलेलंही नाही. लिहायला आलोय."

"अजून तसाच आहेस. गाढव."

मी जमिनीवर बसलो, वही मांडीवर घेतली. तिसऱ्या कडव्याखाली जागाच नव्हती, मी तेव्हा दाटून लिहिलं होतं. समासात आडवं लिहावं लागणार होतं. चष्मा पुसला. त्यानं त्याची वही माझ्यासमोर उघडून ठेवली आणि बोटानं दाखवलं. मी म्हणालो, "पट्टी आहे का रे घरात?"

"पट्टी कशाला? तीन तर ओळी आहेत."

"दे तर खरी."

पट्टी नव्हती. त्यानं कपाटाच्या कप्प्यातून नातवाच्या लग्नाची पत्रिका काढून दिली. मी ती पहिल्या ओळीखाली धरली आणि 'माय' लिहिलं.